अक्षरांची घाई नसलेल्या ताराबाई मोडक

नवी मुंबई असो की गडचिरोली, मुलाला अंगणवाडीत घालताना पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : अक्षरं कधी शिकवणार? गंमत म्हणजे, अंगणवाडीची कल्पना ज्यांच्या कामातून आली त्या ताराबाई मोडक यांना अक्षरांची घाई नव्हती.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे संसार मोडला. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं, पण तेही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या.

तिथली पद्धत मोंटेसरीची होती. या पद्धतीत मुलं न सांडता पाणी ओततात, आखलेल्या रेषेवरून चालतात, थोडा वेळ अगदी गप्प बसतात. बघणाऱ्याला वाटतं, हा तर नुसता खेळ!

आज मेंदूच्या अभ्यासात ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात ते इथेच घडतं. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, पहिली ऊर्मी आवरणं आणि गरज पडली की रीत बदलणं, अशी ही तीन कामं. बेरीज येणारं मूलही हातचा विसरतं, कारण तो डोक्यात टिकत नाही. डिस्लेक्सिया वेगळा, त्यात अक्षर आणि आवाजाची सांगडच नीट बसत नाही. पण अशा बऱ्याच मुलांची ही कामंही कच्ची असतात, आणि शाळा त्याला सरळ आळस म्हणून मोकळी होते. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मोंटेसरीची पाच वर्षांची मुलं या कौशल्यांत, शिवाय वाचन आणि गणितातही पुढे दिसली.

ताराबाईंपुढचा पेच मात्र वेगळा होता. मोंटेसरीचं साहित्य महाग, खेड्याला न परवडणारं. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केल्यावर त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे असं गावात मिळणारं साहित्य वापरलं. तरी दलित वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. या कामात अनुताई वाघ सोबत होत्या.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.