आर्यभट: दहावीच्या ‘साइन’मागचे गणिती

काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. दहावीच्या या सूत्राचं मूळ आर्यभटांच्या कामात आहे.

इ.स. ४९९ मध्ये आपण २३ वर्षांचे होतो, अशी नोंद त्यांनीच ‘आर्यभटीय’ या ग्रंथात केली आहे. म्हणजे जन्म ४७६ चा.

ग्रहांची स्थानं काढायला त्यांना कोनावरून लांबी हवी होती. त्यासाठी त्यांनी वर्तुळाची अख्खी जीवा न घेता तिचा अर्धा भाग घेतला, तो म्हणजे ‘अर्धज्या’. तिच्यामुळे वर्तुळात काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्रिज्या त्याचा कर्ण बनते. त्रिज्या ३४३८ धरली, तर ३० अंशांची अर्धज्या येते १७१९, म्हणजे बरोबर निम्मी. साइन ३० ची किंमत १/२ येते ती अशी. अशा २४ किमतींमधले फरक त्यांनी एकाच श्लोकात बसवले.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे त्यांचं म्हणणं मात्र पुढे ब्रह्मगुप्तांनीही खोडून काढलं. गणित टिकलं. ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली, ती ‘जैब’ म्हणजे कपड्याची घडी अशी वाचली गेली आणि लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाली. त्यातूनच ‘साइन’ आलं.