ब्रोनिस्लावा निझिन्स्का

ब्रोनिस्लावा निझिन्स्का (जन्म: ८ जानेवारी १८९१, मिन्स्क, मृत्यू: २१ फेब्रुवारी १९७२, कॅलिफोर्निया) या पोलिश वंशाच्या बॅले नर्तिका व नृत्यदिग्दर्शिका होत्या. विख्यात नर्तक वास्लाव निझिन्स्की हे त्यांचे थोरले बंधू. भावाच्या कीर्तीमुळे त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व दीर्घकाळ झाकोळलेले राहिले.

प्रारंभिक जीवन

मिन्स्क शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आई-वडील, एलेओनोरा बेरेदा व तोमाश निझिन्स्की, दोघेही पोलिश नर्तक असून गावोगावी प्रयोग करीत. वडिलांनी कुटुंब सोडल्यावर आईने मुलांना सेंट पीटर्सबर्ग येथे वाढवले. तेथील शाही नाट्यशाळेतून ब्रोनिस्लावा १९०८ मध्ये उत्तीर्ण झाल्या व मारीन्स्की नाट्यगृहात रुजू झाल्या. १९११ मध्ये भावाला बडतर्फ केल्याच्या निषेधार्थ त्यांनीही ती सुरक्षित नोकरी सोडली आणि सेर्गेई दियागिलेव यांच्या 'बॅले रूस' या मंडळीत प्रवेश केला.

वास्लाव यांनी आपल्या नव्या रचनांचे प्रयोग प्रथम बहिणीसोबत करून पाहिले. 'वसंतोत्सव' (१९१३) या बॅलेतील बळी जाणाऱ्या कुमारिकेची भूमिकाही त्यांच्यासाठीच योजली होती; परंतु गर्भवती असल्यामुळे ती त्यांना सोडावी लागली.

नृत्यदिग्दर्शन

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या रशियात परतल्या. १९१९ मध्ये त्यांनी कीव्ह येथे नृत्यशाळा काढली. १९२१ मध्ये आई व दोन मुलांसह देश सोडून त्या पुन्हा दियागिलेव यांच्या मंडळीत आल्या. तोवर मानसिक आजारामुळे वास्लाव यांचे नृत्य थांबले होते.

इगोर स्त्राविन्स्की यांच्या संगीतावरील 'ले नोस' (विवाह) हा त्यांचा बॅले १३ जून १९२३ रोजी पॅरिसमध्ये सादर झाला. खेड्यातील लग्नाचा जल्लोष न दाखवता त्यांनी रूढीपुढील वधूची अगतिकता दाखवली. तपकिरी-पांढऱ्या साध्या वेशातील समूह हाच त्यात प्रमुख पात्र ठरला. त्यानंतर 'ले बिश' (१९२४) आणि मॉरिस रावेल यांच्या संगीतावरील 'बोलेरो' (१९२८) या रचना आल्या. १९३७ मध्ये त्यांच्या दिग्दर्शनाखालील पोलिश बॅलेला पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्य व वारसा

पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या व लॉस एंजेलिस येथे नृत्य शिकवू लागल्या. मारिया टॉलचीफ या त्यांच्या शिष्या होत. फ्रेडरिक ॲश्टन यांच्या निमंत्रणावरून त्यांनी लंडनच्या रॉयल बॅलेसाठी 'ले बिश' (१९६४) व 'ले नोस' (१९६६) पुन्हा बसवले. या रचना नव्या पिढीच्या नर्तकांना त्यांनी स्वतः शिकवल्यामुळे त्या रंगभूमीवर टिकून राहिल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक मरणोत्तर, १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.