सुरूच्या खांबांमागचा पेशवा

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबाग वाड्यासमोर मान वर करणारे थोडेच. केली, तर सज्जाचे सागवानी सुरूचे खांब दिसतात. बुडाशी घटासारखे फुगलेले, वर निमुळते होत जाणारे. शहाजहानच्या महालांतून हा घाट सगळीकडे पसरला, आणि त्याच्या कारागिरांनी तो युरोपातल्या चित्रांवरून उचलला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मारुंजी-हिंजवडीकडे रोज काचेच्या इमारती पाहणाऱ्या मला हे लाकूड पाहिले की ते घडवून घेणाऱ्याची आठवण होते.

हा वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पळपुटा हे विशेषण त्याला इतके चिकटले आहे, की त्यामागच्या माणसाकडे आपण पाहतच नाही. जन्म १७७५ चा, धारचा. वडील रघुनाथराव, आई आनंदीबाई. नारायणरावांच्या खुनाचा डाग घराण्यावर आधीच पडलेला. पोराचे बालपण आणि तारुण्य नजरकैदेत गेले. १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले, म्हणून पुढच्या वर्षी याला गादी मिळाली. राज्य कसे करावे हे कोणी शिकवले नव्हते; संशय घेणे तेवढे कैदेने शिकवले होते.

१८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. हा क्रूरपणा तर होताच, पण मूर्खपणाही होता. वर्षभराने यशवंतरावांनी हडपसरजवळ त्याचा पराभव केला. बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. स्वराज्याचे कुलूप तिथेच उघडले गेले.

परतल्यावर, १८०७ च्या सुमारास, त्याने सुमारे २ लाख रुपये खर्चून विश्रामबाग उभारला. शनिवारवाडा असताना दुसरे घर कशाला? चैन म्हणून, असे उत्तर लोक देतात. मला ते अपुरे वाटते. ज्या वाड्यात चुलतभावाचा खून झाला आणि पुतण्या पडून मेला, तिथे झोप कशी लागावी? बाग, कारंजी, कोरीव सज्जे यांत त्याने विसावा शोधला. रसिकता अस्सल होती. ती पेलणारे राज्य मात्र उरले नव्हते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. तो पर्वतीवरून ती पाहत होता. जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. १८२१ मध्ये इंग्रजांनी त्याच्या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८७९ च्या आगीत वाड्याचे मोठे नुकसान झाले, मग डागडुजी झाली.

तो स्वतः कानपूरजवळ बिठूरला वर्षाला ८ लाखांच्या तनख्यावर, पूजाअर्चा करीत, ३० वर्षांहून अधिक जगला. पुणे पुन्हा दिसले नाही. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला. दत्तक पुत्र नानासाहेबांना कंपनीने तनखा नाकारला. सहा वर्षांनी कानपूर पेटले.