लढा चार वर्षांचा, काम पस्तीस वर्षांचं

मैत्रिणींनो, भांडणारी बाई सुखी असू शकते का? लहानपणापासून आपल्याला सांगितलं जातं की वाद वाढवू नकोस, एक पाऊल मागे घे, घरात शांतता हवी. आणि एखाद्या सभेला गेलं, की तिथे सांगतात, संघर्ष करा, त्याशिवाय काही मिळत नाही. या दोन सल्ल्यांमध्ये आपली ओढाताण होते. अशा वेळी मला डॉक्टर रखमाबाई आठवतात. त्यांच्या वाट्याला दोन्ही आलं, मोठा झगडा आणि दीर्घ शांतताही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. घरात पुस्तकं होती, शिकलेल्या माणसांची ये-जा होती. तरीही काळाच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला.

दादाजीने सासऱ्यांच्या आधाराने शिकावं, माणसात यावं, अशी अपेक्षा होती. तो शिकला नाही आणि मामाकडे जाऊन राहिला. इकडे सखाराम अर्जुनांनी डॉक्टर म्हणून ठाम भूमिका घेतली, की एवढ्या लहान मुलीला नांदायला पाठवायचं नाही. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरीच पुस्तकं आणून वाचू लागल्या. जसजशी समज आली, तसतसं त्यांचं मन पक्कं झालं. ज्या माणसाला आपण निवडलं नाही, ज्याच्याविषयी आदर वाटत नाही, त्याच्या घरी जायचं नाही.

१८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, पाठीशी उभे असलेले सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी रखमाबाईंनी नाव न देता, एक हिंदू स्त्री एवढीच ओळख देऊन, टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली. बालविवाहाने मुलीचं शिक्षण कसं थांबतं आणि आयुष्य कसं कोमेजतं, हे त्यांनी त्यात मांडलं.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जी कधी नवऱ्याच्या घरी राहिलीच नाही, तिला जबरदस्तीने पाठवणं त्यांना न्यायाचं वाटलं नाही. पण अपील झालं, खटला परत खाली आला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. बावीस वर्षांच्या मुलीचं हे उत्तर ऐकून समाज ढवळून निघाला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक आणि कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची त्यांच्या बाजूला होत्या. टिळकांच्या 'केसरी'ने कडाडून विरोध केला. मुंबई-पुण्यापासून थेट इंग्लंडपर्यंत वर्तमानपत्रांत त्यांचीच चर्चा होती. घरातल्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही अशा त्या काळात हे सोसणं सोपं नव्हतं.

शेवट मात्र नाट्यमय झाला नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि निकालाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. रखमाबाईंना तुरुंगात जावं लागलं नाही, पण लग्न कायद्याने मोडलंही नाही. त्या वेळी हिंदू बाईला घटस्फोटाची सोय नव्हती. काहींना ही तडजोड अर्धवट वाटेल. मला तसं वाटत नाही. त्यांना दादाजीला हरवायचं नव्हतंच, त्यांना स्वतःचं आयुष्य हवं होतं. ते मिळण्याची वाट दिसताच त्यांनी भांडण खाली ठेवलं.

१८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परत आल्या होत्या, पण काम सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये वारल्या होत्या, रखमाबाईंच्या निकालाच्या जेमतेम आठवडाभर आधी. जे आनंदीबाईंच्या हातून नियतीने काढून घेतलं, ते रखमाबाईंना भरभरून करायला मिळालं. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या. थोडे दिवस कामा हॉस्पिटलमध्ये काम केलं आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याचा कारभार हाती घेतला.

तिथून पुढची गोष्ट आपण फारशी सांगत नाही, कारण तिच्यात खटला नाही, आरडाओरडा नाही. सुरतेत त्या १९१७ पर्यंत राहिल्या. मग राजकोटच्या दवाखान्यात, निवृत्त होईपर्यंत. सगळी मिळून साधारण पस्तीस वर्षं. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नसत, घरचेही जाऊ देत नसत. अशा काळात आपल्यासारखीच साडी नेसणारी डॉक्टरीण दवाखान्यात आहे, ही गोष्ट बाळंतिणीसाठी केवढी मोठी! ज्या बाईला स्वतःचं शरीर कुणाच्या ताब्यात द्यायचं नव्हतं, तिने पस्तीस वर्षं दुसऱ्या बायकांच्या जिवाची काळजी घेतली.

१९०४ साली दादाजी वारला. तेव्हा रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. वाचताना आपण चमकतो. ज्याच्याकडे न जाण्यासाठी तुरुंग पत्करायला निघाल्या, त्याच्यासाठी हे का? मला वाटतं, त्यांच्या मनात वैर उरलेलं नव्हतं. उरलं असतं, तर इतकी वर्षं शांतपणे काम करता आलं नसतं. पण त्या गप्पही झाल्या नव्हत्या. १९२९ मध्ये, पासष्टीच्या घरात असताना, पडदा पद्धत बंद व्हायला हवी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क मिळाला. नांदायला पाठवा असा दावा मात्र कलम ९ म्हणून या कायद्यातही आहे. नांदायला येण्याची नोटीस आली की आजही कित्येक मुली घाबरून जातात, आता पोलीस ओढून नेतील असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. अशा दाव्यात नांदायला गेली नाही म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्येच काढून टाकली गेली. नोटिशीला उत्तर मात्र वेळेत द्यायचं, आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदेशीर मदत मागायची.

सुख भांडणात की शांततेत, या प्रश्नाचं उत्तर रखमाबाईंकडे पाहून मी असं देते. त्या आधी मुकाट्याने नांदायला गेल्या असत्या, तर घर शांत राहिलं असतं, पण ती शांतता इतरांची असती. आणि आयुष्यभर खटलाच धरून बसल्या असत्या, तर नाव झालं असतं, पण सुरतेच्या, राजकोटच्या बायकांना डॉक्टर मिळाली नसती. आपल्यालाही कधीतरी भांडावं लागेल. तेव्हा स्वतःला एवढंच विचारायचं, की हे भांडण मिटलं की उद्या सकाळी उठून मी काय करणार आहे? त्याचं उत्तर तयार असेल, तर भांडायला भ्यायचं नाही आणि थांबायला लाजायचं नाही.