मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी रेडिओ लहरींवर चालणारा खेळण्यातला ट्रक पाहिला असेल. मोठ्या रबरी चाकांचा हा छोटासा ट्रक दगडधोंड्यांवरून सावकाश चढत जातो. आपण लांब उभे राहून हातातल्या पेटीवरची कळ दाबायची, की तो वळतो, थांबतो आणि मागेही येतो. मात्र एखाद्या दिवशी तो चालता चालता बंद पडतो. काही घरांत मग त्याची रवानगी माळ्यावर होते. काही घरांत मात्र वडील आणि मुले पेचकस घेऊन सतरंजीवर बसतात. स्क्रू काढून झाकण उघडतात. आत एखाद्या दातेरी चाकाचा दात तुटलेला दिसतो. ते चाक बदलतात. पुन्हा तुटू नये म्हणून प्लॅस्टिकच्या चाकाऐवजी धातूचे चाक बसवतात. ट्रक पुन्हा चालू लागतो आणि पहिल्यापेक्षा चांगला चालतो.

खेळणे उघडता यावे, त्याचा एखादा भाग बदलता यावा, त्याच भागांपासून नवी वस्तू करता यावी, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. ही कल्पना घरोघरी पोचवण्याचे मोठे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव फ्रँक हॉर्नबी. ते इंजिनियर नव्हते. एका व्यापाऱ्याच्या कचेरीत हिशेब लिहिणारे ते साधे नोकरदार होते आणि मुलांबरोबर खेळणी करत बसणारे वडील होते.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात झाला. लिव्हरपूल हे फार मोठे बंदर. देशोदेशीची जहाजे तेथे येत. त्यांचे वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. लहानपणी फ्रँकच्या हाती सॅम्युएल स्माइल्स या लेखकाचे एक पुस्तक आले. स्वतःच्या मेहनतीने पुढे आलेल्या माणसांच्या आणि संशोधकांच्या हकिकती त्यात होत्या. त्या वाचून आपणही काहीतरी शोध लावावा, असे त्याला वाटू लागले. पण शोध लावण्यासाठी लागणारे शिक्षण त्याला मिळाले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या व्यवसायात रोखपालाचे काम करू लागला.

१८८७ साली त्यांचे लग्न झाले. त्यांच्या पत्नी क्लारा या शिक्षिका होत्या. पुढे त्यांना रोलंड आणि डग्लस ही दोन मुले झाली. १८९९ साली फ्रँक यांचे वडील वारले आणि घरचा व्यवसाय बंद झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांना दुसऱ्याच्या दारी नोकरी धरावी लागली. डेव्हिड एलियट नावाचे एक व्यापारी परदेशातून मांस आणून विकत असत. त्यांच्या कचेरीत फ्रँक हिशेबनीस झाले.

दिवसभर आकड्यांशी झुंजल्यावर संध्याकाळी ते मुलांसाठी खेळणी करत बसत. धातूचा पत्रा कापून ते त्यापासून पूल, मालगाडीचे डबे आणि ओझी उचलणारी यारी, म्हणजेच क्रेन, करत. मुले ही खेळणी आवडीने खेळत. पण या कामात एक मोठी अडचण होती. प्रत्येक खेळण्यासाठी प्रत्येक तुकडा वेगळा कापावा लागे. क्रेनसाठी केलेला तुकडा पुलाला बसत नसे आणि पुलाचा तुकडा गाडीला चालत नसे. एका खेळण्यामागे कितीतरी संध्याकाळी जात. ते झाले की पुढच्या खेळण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

असे सांगतात की, एकदा नाताळच्या आदल्या दिवशी ते आगगाडीने प्रवास करत होते. मनात मुलांच्या क्रेनचाच विचार चालू होता. खिडकीतून त्यांना मालधक्क्यावर उभी असलेली एक क्रेन दिसली. ती पाहता पाहता त्यांना आपल्या अडचणीतून वाट सापडली. प्रत्येक खेळण्यासाठी नवे तुकडे कशाला करायचे? असे तुकडे करावेत, की जे कोणत्याही खेळण्याला चालतील.

मग त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या. त्या पट्ट्यांना ठरावीक अंतरावर भोके पाडली. एका भोकापासून दुसरे भोक बरोबर अर्ध्या इंचावर होते. या एवढ्याशा गोष्टीत सारे रहस्य आहे. सर्व पट्ट्यांवरील भोके सारख्या अंतरावर असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर ठेवली तरी भोकावर भोक येई. त्यांतून बोल्ट घालून नट आवळला की जोड पक्का होई. त्याच भोकातून सळई घातली की ती चाकाचा आस होई. म्हणजे एकच भोक जोडण्याच्याही उपयोगी पडे आणि चाक फिरवण्याच्याही. खेळून झाले की नट सैल करायचे, पट्ट्या सुट्ट्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच वेगळी वस्तू बनवायची. आज क्रेन, उद्या पूल, परवा गाडी.

ही कल्पना आपल्या दोन मुलांपुरती नाही, हे हॉर्नबी यांच्या लक्षात आले. आपल्या शोधाचा हक्क सरकारदरबारी नोंदवणे, म्हणजे पेटंट घेणे, आवश्यक होते. पण त्यासाठी लागणारे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी आपले मालक एलियट यांच्याकडून ५ पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी त्यांना पेटंट मिळाले.

पेटंट मिळाले, तरी खेळणे तयार करायला कोणी पुढे येईना. हॉर्नबी यांनी हाताने केलेला नमुना ओबडधोबड दिसत होता. कारखानदारांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अशा वेळी एलियट पुन्हा मदतीला आले. त्यांनी कचेरीशेजारची रिकामी जागा दिली, पैसे घातले आणि ते हॉर्नबी यांचे भागीदार झाले. सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून करून घ्यायचे आणि येथे पेट्यांत भरायचे, असे काम सुरू झाले. पट्ट्या, चाके, आस, नट-बोल्ट असे सोळा प्रकारचे भाग त्या पेटीत असत. किंमत होती ७ शिलिंग ६ पेन्स.

दुकानदारांना हा माल विकण्याची खात्री वाटेना. पेटीत ना बाहुली, ना घोडा, ना गाडी. भोके पाडलेल्या पट्ट्यांना खेळणे कोण म्हणणार? त्या काळी लिव्हरपूलमध्ये हेली-शॉ नावाचे अभियांत्रिकीचे नामवंत प्राध्यापक होते. हॉर्नबी यांनी आपला संच त्यांना दाखवला. यंत्रे ज्या नियमांनी चालतात तेच नियम या खेळण्यातून मुलांना शिकता येतील, हे प्राध्यापकांनी ओळखले आणि त्याची शिफारस केली. त्यामुळे लोकांचा विश्वास थोडा वाढला. १९०३ साली सुमारे १,५०० संच खपले. तरीही नफा मात्र झाला नाही. हॉर्नबी दिवसा नोकरी करत आणि उरलेल्या वेळात नवे नवे भाग तयार करण्याची खटपट करत. अशी वर्षांमागून वर्षे गेली. थोडासा नफा प्रथम दिसला, तो १९०६ साली.

१९०७ साल त्यांच्या परीक्षेचे ठरले. मागणी वाढली होती, पण बाहेरचे कारखाने वेळेवर भाग पुरवू शकत नव्हते. स्वतःचा कारखाना काढावा, तर नोकरी सोडावी लागणार. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. घरसंसार मागे होता. धंदा बुडाला असता, तर पुन्हा कोठे नोकरी मिळेल याचा भरवसा नव्हता. तरी त्यांनी हिंमत केली आणि नोकरी सोडली. लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर जागा भाड्याने घेऊन त्यांनी तेथे भाग बनवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी खेळण्याला मेकॅनो हे सुटसुटीत नाव मिळाले. १९०८ साली मेकॅनो कंपनी स्थापन झाली. एलियट यांनी तिच्यात सहभागी न होण्याचे ठरवले आणि सारी जबाबदारी एकट्या हॉर्नबी यांच्यावर आली.

यानंतर मात्र त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. फ्रान्स आणि जर्मनीतही मेकॅनो पोचले. १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ साली मुलांसाठी मेकॅनो मासिक सुरू झाले. त्यात नव्या रचनांची चित्रे असत, तसेच खरे पूल, आगगाड्या आणि जहाजे यांची माहितीही असे.

मेकॅनोच्या संचांना क्रमांक दिलेले असत. लहान संच घेतलेल्या मुलाला मोठा संच हवा असेल, तर जुना टाकून द्यावा लागत नसे. त्याने एक जोडसंच घेतला की त्याचा संच पुढच्या क्रमांकाचा होई. पहिल्या पेटीतील पट्टी शेवटच्या पेटीतही तितकीच उपयोगी पडे. १९२० साली हॉर्नबी यांनी किल्लीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्या पहिल्या गाड्याही नट-बोल्टनी जोडलेल्या होत्या. त्या सुट्या करून पुन्हा जोडता येत.

मेकॅनोची खरी परीक्षा १९३४ साली झाली. मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री या शास्त्रज्ञांना अवघड गणिते सोडवणारे एक यंत्र हवे होते. खरे यंत्र फार महाग होते. तेव्हा त्यांनी आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याच्या मदतीने मेकॅनोच्या भागांपासूनच त्याचा नमुना तयार केला. खर्च आला सुमारे २० पौंड. त्या नमुन्याने अणूच्या रचनेसंबंधीची गणिते पुरेशा अचूकपणे सोडवून दाखवली. मुलांच्या खेळण्याने विद्यापीठातही आपली जागा मिळवली.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेकॅनो स्वस्त नव्हते. गरीब मजुराच्या मुलाला ते बहुधा दुकानाच्या काचेतूनच पाहावे लागे. शिवाय कंपनीच्या पेट्यांवर आणि जाहिरातींत बहुतेक मुलगेच दिसत. यंत्रांची आवड मुलींनाही असते, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी फारसे लक्षात घेतले नाही. पण नट आवळणारा हात मुलाचा आहे की मुलीचा, हे बोल्टला कळत नाही.

१९३१ साली हॉर्नबी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद म्हणून निवडून आले. १९३५ पर्यंत ते सभासद होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या रोलंडसाठी त्यांनी एके काळी पत्र्याची खेळणी केली होती, त्याच रोलंडने पुढे कंपनीची सूत्रे हाती घेतली. काळ बदलला, नवी खेळणी आली आणि १९७९ साली बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. कारखाना गेला, पण कल्पना राहिली.

आरंभी सांगितलेल्या ट्रककडे आता पुन्हा पाहा. त्यात दोन शोध एकत्र आले आहेत. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे तारेशिवाय दुरून चालवता येणारी एक छोटी नाव लोकांना दाखवली होती. पुढच्याच वर्षी दूर लिव्हरपूलमध्ये हॉर्नबी मुलांसाठी पत्रा कापत होते. दुरून हुकूम देण्याची युक्ती पहिल्या शोधातून आली. उघडण्याची, बदलण्याची आणि सुधारण्याची सोय दुसऱ्या शोधाच्या वाटेने आली.

म्हणून मुलांनो, घरातले एखादे खेळणे बंद पडले, तर लगेच फेकू नका. आधी त्याची बॅटरी काढून ठेवा. घरातील मोठ्या माणसाला शेजारी बसवा. काढलेले स्क्रू एका वाटीत ठेवा आणि कोणता भाग कोठून निघाला, ते कागदावर लिहून घ्या. दोष सापडेल किंवा सापडणारही नाही. पण आत काय आहे, हे तुम्हांला कळेल आणि घरच्या माणसांबरोबर एक संध्याकाळ चांगली जाईल. हॉर्नबी यांचे सारे काम अशाच संध्याकाळींतून उभे राहिले.