विश्लेषण : सरकारी बंदी नसताना भयकथांचे कॉमिक बंद कसे पडले?

अमेरिकेत १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या १० सेंटच्या कॉमिकवर सरकारने कधीच बंदी घातली नाही. तरी १९५५ मध्ये ते बंद पडले. का, हे समजायला त्याचे प्रकाशक विल्यम गेन्स यांचे आयुष्य पाहावे लागते.

गेन्स या धंद्यात कसे आले?

नाइलाजाने. १९२२ मध्ये जन्मलेल्या विल्यम यांना रसायनशास्त्राचे शिक्षक व्हायचे होते. वडील मॅक्स हे कॉमिक व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. बायबलवरची चित्रपुस्तके काढणारे. १९४७ मध्ये मोटरबोटीच्या अपघातात ते गेले आणि तोट्यातली ‘ईसी कॉमिक्स’ २५ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात पडली.

संपादक अल फेल्डस्टीन यांच्या साथीने त्यांनी भयकथा आणल्या. गेन्स रात्री जागून पुस्तके वाचत आणि सकाळी कथाबीजे फेल्डस्टीन यांच्यापुढे टाकत. तळघराचा राखणदार कोट्या करत गोष्ट सांगे. शेवटी बहुधा पापी माणसाची खोड मोडे, तीही एखाद्या प्रेताकडून! कंपनीने रे ब्रॅडबरी यांच्या कथाही न विचारता वापरल्या होत्या. ब्रॅडबरींनी भांडण न करता मानधनाची आठवण करून दिली आणि ते मिळालेही.

बिनसले कुठे?

१९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स स्वतःहून साक्षीला गेले. सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांच्याच कंपनीचे एक मुखपृष्ठ दाखवले : पुरुषाच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे मुंडके. हे अभिरुचीला धरून आहे का, या प्रश्नावर गेन्स यांनी भयकथेच्या मानाने आहे, असे सांगितले. मुंडके आणखी उंच धरून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते वाईट, असा खुलासाही केला. तर्क बिनचूक होता, पण माणूस तिथेच हरला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तेच झळकले.

मग बंदी घातली कोणी?

प्रकाशकांनीच. समितीने कायदा सुचवला नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःची आचारसंहिता केली. नावात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द नकोत, चालती प्रेते आणि रक्तपिपासू पिशाच्चे नकोत. तिचा शिक्का नसलेले अंक वितरक घेईनात. गेन्स यांचे गठ्ठे न सोडताच परत येऊ लागले.

पुढे नाइलाजाने शिक्का स्वीकारल्यावरही एका विज्ञानकथेतला कृष्णवर्णीय अंतराळवीर नियामकांना खटकला. गेन्स यांनी प्रकरण चव्हाट्यावर आणण्याची धमकी दिली आणि १९५६ मध्ये चित्र तसेच छापले. ईसीचे ते शेवटचे कॉमिक.

हाती उरले विनोदी ‘मॅड’. त्याचे १९५५ मध्येच मासिकाच्या आकारात रूपांतर झाले होते आणि मासिकांना आचारसंहिता लागू नव्हती. १९७० च्या दशकात त्याचा खप २० लाखांवर गेला. भयकथांची मूळ चित्रे गेन्स यांनी सांभाळून ठेवली होती. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ची टीव्ही मालिका अमेरिकेत सुरू होती.