विल्बर राईट आणि त्याचा लांकडी पंखा

विमानाची गोष्ट निघाली म्हणजे राईट बंधूंचें नांव निघतें, आणि तें नांव निघालें कीं किटी हॉकच्या वाळूवरील बारा सेकंदांच्या उड्डाणापाशीं गोष्ट संपते. आमच्या विद्यार्थी वाचकांनीं ती क्रमिक पुस्तकांत वाचली असेलच. आज आम्ही त्या दोघांपैकीं वडील बंधु विल्बर याचें चरित्र सांगणार आहों. मात्र त्याच्या ज्या कामाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, तेथें आम्ही थोडें अधिक रेंगाळूं. तें काम म्हणजे विमानाला पुढें नेणारा लांकडी पंखा, ज्याला प्रोपेलर म्हणतात. पंख आणि पंखा या शब्दांचा घोटाळा होऊं नये. पंख विमानाला उचलून धरतात. पंखा त्याला पुढें लोटतो.

विल्बरचा जन्म ता. १६ एप्रिल १८६७ रोजीं अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत मिलव्हिल गांवाजवळ झाला. वडील मिल्टन राईट हे युनायटेड ब्रेदरन पंथाचे बिशप होते. आई सुसान ही गाडी बनविणाऱ्या कारागिराची कन्या. हत्यारें हातांत धरण्याचें कसब मुलांना तिच्याकडूनच मिळालें. विल्बर अभ्यासांत हुशार होता व त्याला येल विद्यापीठांत धाडावें असा घरांत विचार चालला होता. इतक्यांत १८८५-८६ च्या हिंवाळ्यांत बर्फावर हॉकी खेळतांना त्याच्या तोंडावर काठीचा जबर तडाखा बसला. पुढचे दांत गेले, प्रकृति ढांसळली, आणि येलचा विचार सुटला. त्याच सुमारास आई क्षयानें अंथरुणास खिळली होती. तिची शुश्रूषा विल्बरनें केली आणि उरलेल्या वेळांत वडिलांचा ग्रंथसंग्रह वाचून काढला. १८८९ त आई वारली. विद्यापीठाची पदवी त्याला कधींच मिळाली नाहीं.

१८९२ त त्यानें व चार वर्षांनीं धाकट्या ऑर्व्हिलनें ओहायोंतील डेटन शहरांत सायकलींचें दुकान काढलें. १८९६ त जर्मनींतील लिलिएंथाल हा आपल्या बिनइंजिनाच्या विमानांतून पडून मरण पावला. त्या बातमीनें विल्बरच्या मनांत जुनी जिज्ञासा पुन्हा जागी झाली. १८९९ पासून त्यानें या विषयास वाहून घेतलें. वाऱ्यांत तोल कसा सांभाळावा, वळावें कसें, पंखांचा बांक किती ठेवावा, हे प्रश्न त्यानें व ऑर्व्हिलनें किटी हॉकच्या वाळूवर आणि दुकानांत बनविलेल्या वाऱ्याच्या बोगद्यांत एकामागून एक सोडविले. १९०२ च्या अखेरीस त्यांचें बिनइंजिनाचें विमान आज्ञाधारक झालें. आतां इंजिन व पंखा एवढेंच उरलें, असें त्यांस वाटलें.

परंतु पंखा हेंच कठीण निघालें. आगबोटींचे पंखे शंभर वर्षें पाण्यांत फिरत होते. तेव्हां त्यांचें शास्त्र तयार असेल आणि पाण्याच्या जागीं हवा घातली कीं काम होईल, अशी विल्बरची समजूत होती. तो डेटनच्या ग्रंथालयांत गेला, आणि आगबोटींचे पंखेही केवळ अनुभवानें, करून पाहून, बनवितात असें त्याला आढळून आलें. आगबोटीचा पंखा थोडा कमी कामाचा ठरला तरी बोट बुडत नाहीं, सावकाश चालते इतकेंच. विमानाचें तसें नाहीं. बारा घोड्यांच्या शक्तीच्या इंजिनांतून पुरेसा जोर निघाला नाहीं तर विमान जमीन सोडणारच नाहीं.

तेव्हां दोघे भाऊ वादास बसले. कित्येकदां असें होई कीं तासभर भांडल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचें म्हणणें पटलेलें असे, आणि वाद जेथल्या तेथें राही! अखेर एक विचार निश्चित झाला: पंख्याचें पातें म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून गोल फिरणारा विमानाचा पंखच होय. हा विचार हातीं येतांच बोगद्यांतील जुनीं कोष्टकें उपयोगी पडलीं. पात्याचें टोंक फार वेगानें फिरतें, मुळाजवळचा भाग सावकाश; म्हणून मुळापाशीं पातें अधिक तिरपें व टोंकाकडे कमी तिरपें असा पीळ द्यावा लागतो, हें त्यांनीं गणितानें ठरविलें. आमच्या मतें त्यांच्या सर्व शोधांत हाच अधिक बुद्धीचा होता, कारण येथें पक्ष्यांकडे पाहून शिकण्यासारखें कांहींच नव्हतें.

स्प्रूसच्या फळ्या एकमेकींना चिकटवून, कुऱ्हाडीनें व दोन मुठींच्या सुऱ्यानें तासून, त्यांनीं साडेआठ फूट लांबीचे दोन पंखे घडविले. टोंकें चिरूं नयेत म्हणून त्यांवर कापड चढविलें. सायकलच्या साखळीसारख्या साखळ्यांनीं इंजिन पंख्यांना जोडलें; एक साखळी उलटी फिरवून पंखे परस्परविरुद्ध दिशांनीं फिरविले. इंजिनाचे जवळजवळ तीन फेरे होत तेव्हां पंख्याचा एक होई, कारण मोठा पंखा सावकाश फिरविला असतां शक्ति कमी वायां जाते. त्यांच्या पंख्यांच्या प्रतिकृती अलीकडे तपासल्या गेल्या, तेव्हां इंजिनाच्या शक्तीचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग त्यांतून कामीं येतो असें दिसून आलें.

पंखे उत्तम निघाले, पण ज्या पोकळ नळ्यांवर ते बसविले होते त्या नळ्या इंजिनाच्या हिसक्यांनीं दगा देऊं लागल्या. १९०३ च्या नोव्हेंबरांत त्या एकदां डेटनला परत धाडाव्या लागल्या. महिन्याच्या अखेरीस पुन्हा एक चीर दिसली. थंडी वाढत होती, तरी चीर गेलेल्या नळीवर उड्डाण करूं असें कोणी म्हटलें नाहीं. ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला व पोलादाचे भरीव दांडे घेऊन ११ डिसेंबरास परतला. १४ तारखेस विल्बरचा पहिला प्रयत्न फसला. १७ तारखेस ऑर्व्हिल १२ सेकंद व १२० फूट उडाला, आणि त्याच दिवशीं शेवटच्या खेपेस विल्बरनें ५९ सेकंदांत ८५२ फूट गांठले.

पंखा निवडण्याचा प्रश्न लहान विमानांच्या मालकांपुढें आजही असतो. सायकलवाल्याला तो समजाविणें सोपें आहे. मळसूत्र लांकडांत एका फेऱ्यांत जसें ठराविक अंतर शिरतें, तसा पंखा हवेंत पुढें जातो. तें अंतर कमी असलेला पंखा म्हणजे चढावरचा हलका गिअर: विमान लवकर जमीन सोडतें व चांगलें चढतें, पण सपाट प्रवासांत इंजिन उगाच धांवतें. अंतर जास्त असलेला पंखा दूरच्या प्रवासास बरा. मात्र त्याला धांवपट्टी लांब लागते. एकाच पक्क्या पंख्यांत दोन्ही गुण मिळत नाहींत.

१९०८ च्या ऑगस्टांत विल्बरनें फ्रान्समध्यें ल मां येथें उड्डाणें करून यूरोपला थक्क केलें. लोक घाई करीत, परंतु प्रत्येक तार व प्रत्येक सांधा स्वतः पाहिल्याशिवाय तो विमानांत बसत नसे. इकडे अमेरिकेंत ता. १७ सप्टेंबर रोजीं फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल हा लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज यास घेऊन उडाला. विमानावर नवे, अधिक लांब पंखे बसविले होते. एका पात्याला उभी चीर गेली. त्याचा जोर कमी झाला, पंखा थरथरूं लागला, आणि डुलतां डुलतां पातें मागच्या सुकाणूच्या तारेला लागलें. विमान कोसळलें. सेल्फ्रिज त्याच दिवशीं मरण पावला. इंजिनाच्या विमानांत प्राण गमावणारा तो पहिला मनुष्य. ऑर्व्हिलचा पाय व बरगड्या मोडल्या. वार्ता कळतांच विल्बरनें उड्डाणें थांबविलीं. आपण तेथें असतों तर भेटीस येणाऱ्यांच्या गर्दींतून भावाला मोकळें करून यंत्र तपासूं दिलें असतें, ही रुखरुख त्यानें घरच्या पत्रांत बोलून दाखविली. तीन दिवसांनीं, २१ तारखेस, तो पुन्हा विमानांत बसला व दीड तासाहून अधिक वेळ हवेंत राहिला.

लांकडी पंख्याची चाकरी अजूनही पुष्कळशी तशीच आहे. उड्डाणापूर्वीं पात्यांवरून हात फिरवून चीर, टवका, सुटलेला सांधा पाहतात. ओल्या ऋतूंत लांकूड फुगतें, कोरड्यांत आकसतें. म्हणून ऋतु बदलला कीं बोल्टांची पकड पुन्हा मोजतात. विमान उभें असतां पंखा आडवा ठेवतात, कारण उभा ठेवल्यास ओलावा खालच्या पात्यांत उतरून तोल बिघडतो. कोंकणांतल्या मुलांना यांतलें अर्धें सांगावें लागणार नाहीं; आषाढांत घरचीं दारें अडकतात तें त्यांनीं पाहिलेंच आहे.

पुढें विल्बरचा बराच काळ पेटंटांच्या खटल्यांत गेला, हें वाचून आम्हांस वाईट वाटतें. दोघांनीं एकत्र उडूं नये असें वडिलांस दिलेलें वचन त्यांनीं कसोशीनें पाळलें होतें. ता. २५ मे १९१० रोजीं वडिलांच्या अनुमतीनें दोघे भाऊ एकदांच, सुमारें सहा मिनिटें, एका विमानांत बसले. त्याच दिवशीं ऑर्व्हिलनें एक्याऐंशी वर्षांच्या बिशपांना वर नेलें. म्हातारबाबा घाबरण्याऐवजीं आणखी उंच चल म्हणूं लागले. दोन वर्षांनीं विल्बर विषमज्वरानें आजारी पडला आणि ता. ३० मे १९१२ रोजीं पहाटे, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, डेटन येथें वडिलांच्या घरीं मरण पावला. तो अविवाहित होता. डेटनच्या वुडलंड स्मशानभूमींत आईजवळ त्याला पुरलें आहे.